हॉट रॅट्स आणि इयन अंडरवुडचा दम

अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाच्या ‘हॉट रॅट्स’ या १९६९ च्या अल्बमच्या कव्हरवर वादकांची यादी आहे. त्यात इयन अंडरवुडच्या नावापुढे लिहिलंय: पियानो, ऑर्गनस मॅक्सिमस, फ्लूट, सगळ्या क्लॅरिनेट, सगळे सॅक्सोफोन. फुंकायच्या वाद्यांचा अख्खा ताफा एकाच माणसाच्या नावावर. या रेकॉर्डबद्दल मला जे म्हणायचंय ते या एका ओळीपासूनच सुरू होतं. हॉट रॅट्स झापाची म्हणून ओळखली जाते आणि ती आहेच. धुना त्याच्या, गिटार त्याची, निर्मिती त्याची. पण ती अंडरवुडचीही तितकीच आहे, असं माझं ठाम मत आहे. झापाचा विषय निघाला की लोक त्याच्या गिटारवर बोलतात, मिशांवर बोलतात, त्यानं ओढवून घेतलेल्या वादांवर बोलतात. अंडरवुडचं नाव निघालंच तर ओझरतं. म्हणून आज मी त्याच्यावर लिहितेय.

झापा ज्यांनी अजिबात ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. जन्म १९४० चा, बाल्टिमोरचा, वाढला कॅलिफोर्नियात. डिसेंबर १९९३ मध्ये, त्रेपन्नावा वाढदिवस काही दिवसांवर आलेला असताना गेला. तेवढ्या आयुष्यात साठाहून अधिक अल्बम काढले, आणि मागे टेपांचा एवढा साठा ठेवून गेला की त्यातून अजून नवं बाहेर पडतंय. रॉक, जॅझ, पन्नासच्या दशकातली डू-वॉप ढंगाची समूहगाणी, ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं संगीत, शेवटी शेवटी संगणकावर रचलेलं संगीत, काही म्हणजे काही सोडलं नाही. पंधराव्या वाढदिवसाला आईनं काय हवं विचारलं, तर या मुलानं न्यूयॉर्कला एक लांब पल्ल्याचा फोन मागितला. फोन लावायचा होता एडगार व्हरेझ या आधुनिक संगीतकाराला. व्हरेझ तेव्हा ब्रसेल्सला होता, म्हणून त्याच्या बायकोशी बोलणं झालं. पंधराव्या वर्षी हे ज्याचं वेड, तो एकोणतिसाव्या वर्षी हॉट रॅट्स करतो, हे मला अगदी सरळ वाटतं.

१९६९ चा उन्हाळा. झापाचा ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ हा बँड पैशांच्या ओढाताणीनं मोडकळीला आला होता आणि ऑगस्टमध्ये त्यानं तो मोडलाच. जुलै-ऑगस्टमध्येच लॉस एंजेलिसमध्ये हॉट रॅट्सचं रेकॉर्डिंग चालू होतं. त्यासाठी बाहेरचे कसलेले वादक बोलावले: बासवर मॅक्स बेनेट, ड्रम्सवर जॉन गेरिन आणि पॉल हम्फ्री, एका धुनेला रॉन सेलिको. त्याच धुनेत बासवर शगी ओटिस, वय वर्षं पंधरा. व्हायोलिनवर डॉन ‘शुगरकेन’ हॅरिस, आणि शेवटच्या धुनेसाठी फ्रान्सचा जाँ-ल्यूक पाँती. जुन्या बँडमधला या सगळ्या कामाचा कणा झालेला माणूस एकच, अंडरवुड.

हा अंडरवुड येल विद्यापीठात संगीत शिकलेला, पुढे बर्कलीतून संगीतरचनेतली वरची पदवी घेतलेला. पियानोवर मोझार्ट वाजवणारा. १९६७ साली न्यूयॉर्कच्या गॅरिक थिएटरमध्ये मदर्सचा मुक्काम होता, तिथे यानं कार्यक्रम ऐकला आणि नंतर झापाला जाऊन भेटला. मला तुमच्या बँडमध्ये वाजवायचंय, म्हणाला. झापानं विचारलं, तुला भन्नाट असं काय येतं? यानं सॅक्सोफोन काढला आणि वाजवला. हा किस्सा मदर्सच्या ‘अंकल मीट’ या अल्बमवर अंडरवुडनं स्वतःच्या शांत, मास्तरकीच्या आवाजात सांगितलाय आणि सांगून झाल्यावर जो सॅक्स सुरू होतो तो अंगावर येतो. एवढा पद्धतशीर बोलणारा माणूस असं वाजवतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

आता रेकॉर्ड लावा. पहिली धून ‘पीचेस एन रेगालिया’, साडेतीन मिनिटांच्या आसपास. ड्रमचा एक तोडा पडतो आणि धून सुरू होते. ती एकदा ऐकली की दिवसभर तोंडात राहते. पण तिच्यात किती माणसं वाजवतायत असं वाटतं ते मोजायला बसा. क्लॅरिनेटचा जथा, सॅक्सचा जथा, बासरी, पियानो, ऑर्गन, मध्येच एक बारीक, खेळण्यातल्या वाद्यासारखा चिवचिवणारा आवाज. ऐकून वाटतं, वीस माणसं तरी असावीत. प्रत्यक्षात झापा, अंडरवुड, बास आणि ड्रम्स. बाकी सगळं एकावर एक चढवलेलं.

इथे माझा धंदा कामी येतो. मी पुण्यात एका स्टुडिओत ध्वनिसंकलन करते, बहुतेक ऑडिओबुकं आणि अधूनमधून डबिंग. आवाजाचे थर लावणं, दोन टेक जोडणं, वाचणाऱ्याचे श्वास कमी करणं हे रोजचं काम. आज मला एका प्रोजेक्टमध्ये हवे तेवढे ट्रॅक, म्हणजे एकेका आवाजासाठी स्वतंत्र पट्ट्या, मिळतात, शंभर म्हणाल तर शंभर. १९६९ साली चांगल्या स्टुडिओतसुद्धा आठ ट्रॅक म्हणजे चैन होती. त्याच वर्षीचा बीटल्सचा ‘अॅबी रोड’ आठ ट्रॅकवर झालाय. झापाला हॉलिवूडच्या टीटीजी स्टुडिओत सोळा ट्रॅकचं मशीन मिळालं. सोळा ट्रॅक म्हणजे ड्रम्सला स्वतःचे वेगवेगळे ट्रॅक देऊनही वर फुंकवाद्यांचे थर चढवायला जागा उरते. या रेकॉर्डवरचे ड्रम्स डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत पसरलेले ऐकू येतात ते त्यामुळे. त्या काळच्या बहुतेक रॉक रेकॉर्डांवर ड्रम्स एका कोपऱ्यात गोळा होऊन पडलेले असतात.

आणि तो चिवचिवणारा आवाज? टेप निम्म्या वेगानं फिरवायची, त्यावर वाजवायचं आणि नंतर टेप पूर्ण वेगानं चालवायची. स्वर एक सप्तक वर जातो, चाल दुप्पट होते. पण नुसतं एवढंच होत नाही. वाद्याचा पोतच बदलतो. स्वराची सुरुवात, म्हणजे जीभ रीडवरून (तोंडाशी थरथरणाऱ्या वेताच्या पट्टीवरून) सुटते तो क्षण, निम्म्या वेळात उरकतो, त्यामुळे प्रत्येक स्वर टोकदार होतो. कंप दुप्पट जलद होतो. रीडची खरखर वर सरकते आणि जवळजवळ नाहीशी होते. हातात धरता येईल असं कुठलंही वाद्य तसा आवाज काढत नाही. यादीत झापाच्या नावापुढे ‘ऑक्टेव्ह बास’ असं एक विचित्र वाद्य लिहिलंय, ते याच युक्तीचं: वेग वाढवून वर चढवलेली बास गिटार. आता वाजवणाऱ्याच्या बाजूनं बघा. निम्म्या वेगातल्या ठेक्यावर एकेक स्वर धरून ठेवायचा, आणि तो दुप्पट वेगात कसा लागेल हे मनात ऐकत वाजवायचं. सूर किंचित हलला तर बाकीच्या थरांशी लगेच भांडणार. असे थरावर थर एकट्यानं चढवायचे आणि शेवटी ते घासूनपुसून केलेलं काम न वाटता गल्लीतून बँड चाललाय असं वाटलं पाहिजे. पीचेसमध्ये तसं वाटतं. त्याचं श्रेय मी अंडरवुडला देते.

गल्लीतला बँड मी उगाच म्हटलं नाही. माझे वडील, अण्णा, सांगलीकडे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत रात्र रात्र वरातीपुढे चालत, एका गाण्यातून दुसऱ्यात. घरातून निघताना रीड तोंडात धरून ते बूट घालायचे, कारण सुकी रीड पहिल्याच फुंकेला चिरकते. लेस बांधताना बोलता यायचं नाही, मग हातानं खुणा. क्लॅरिनेटचा आवाज म्हणजे काय हे मला त्यांच्यामुळे कळलं. खालच्या पट्टीत तो लाकडासारखा जाड असतो, मध्ये एक कमकुवत जागा येते आणि वर गेला की एकदम कापत जातो. झापाच्या रेकॉर्डवर हे तिन्ही भाग मला ओळखू येतात, अगदी टेपच्या करामतींच्या आतूनसुद्धा.

मागच्या दिवाळीत मी अण्णांना ‘द गम्बो व्हेरिएशन्स’ ऐकवलं. ही रेकॉर्डवरची सगळ्यात लांब धून. एकच ठेका, खाली बासची एकच चाल, आणि त्यावर आधी अंडरवुडचा टेनर सॅक्स, मग शुगरकेन हॅरिसचं व्हायोलिन. इथे थर वगैरे काही नाही. उभं राहायचं आणि वाजवायचं. हेडफोन अण्णांना नको असतो, म्हणून स्पीकरवर लावलं. पहिला मिनिटभर ते नुसते पायानं ठेका धरून बसले होते. सॅक्स रंगात आल्यावर पाय थांबला.

“हितं बघ,” म्हणाले, “दम संपलाय त्याचा. तरी सोडंना.”

मी मागे घेऊन पुन्हा लावलं. खरंच, एक लांब चाल शेवटाकडे बारीक होत जाते, सूर फाटतो, आणि तिथे श्वास घ्यायचं सोडून तो तसाच वर चढतो, जवळजवळ किंचाळीपर्यंत. मग श्वास. मग पुन्हा तिथूनच.

“अण्णा, हा माणूस शिकलेला आहे. पियानोवाला आहे मूळचा.”

“असंल. पर ह्यो शिकवून येत न्हाई. रात्री दोन वाजता वरात मारुतीच्या देवळापाशी अडली की हे असं वाजवावं लागतंय. माणसं हलली पायजेत.”

मग त्यांनी विचारलं, रीड कितीची, म्हणजे किती कडक, लावत असंल हा. ते काही मला सांगता आलं नाही. पण सॅक्स संपून व्हायोलिन सुरू झालं तेव्हा ते म्हणाले, आता हे गाणं दुसऱ्याचं झालं. ते सोलो मी कितीतरी वर्षं ऐकतेय. दम कुठे संपतो हे मात्र मला अण्णांनीच दाखवलं, तेही पहिल्या ऐकण्यात. ऑडिओबुकात मी जे श्वास कापते ते वाक्यांच्या मधले असतात. अंडरवुडचे श्वास वाक्याच्या आत येतात आणि त्यांच्यामुळेच वाक्य उभं राहतं. गम्बोमधला एकही श्वास कुणी साफ केला तर ते सोलो कोसळेल.

शुगरकेन हॅरिसबद्दलही लिहायलाच हवं. विजेवर चालणारं, खरखरीत, तारेला गंज चढल्यासारखं व्हायोलिन. ब्लूजमधून आलेला माणूस. आधी डॉन अँड ड्यूई या जोडीत गाणी म्हणायचा. तो व्हायोलिन गातो, पण नाजूक गात नाही, घसा बसलेल्या माणसासारखा गातो. ‘विली द पिंप’मध्ये सुरुवातीची ती प्रसिद्ध चाल त्याचीच, आणि या सगळ्या रेकॉर्डवर सगळ्यात जड, सगळ्यात रॉक म्हणावं असं काही असेल तर ते हेच गाणं. गाणं म्हणायचं कारण इथेच फक्त शब्द आहेत. कॅप्टन बीफहार्ट, झापाचा शाळेपासूनचा मित्र, मिनिट-दोन मिनिटं घोगऱ्या आवाजात गातो आणि निघून जातो. उरलेली सात-साडेसात मिनिटं झापाची गिटार. वा-वा पेडलवरचं (पायानं दाबून आवाज ‘वा-वा’ असा वळवायचं यंत्र) हे सोलो मला मनापासून आवडतं, कारण ते कुठे पोचायची घाई करत नाही. एक तुकडा घेतो, त्याला उलटापालटा करतो, टाकून देतो, दुसरा घेतो. खाली गेरिनचे ड्रम्स त्याला कधी अडवतात, कधी ढकलतात. वाद्यसंगीतातल्या बढतीची सवय असलेल्या कानाला ते लगेच कळतं.

‘सन ऑफ मिस्टर ग्रीन जीन्स’ ही ‘अंकल मीट’मधल्या एका गाण्याची नवी, शब्दांशिवायची मांडणी. फुंकवाद्यांनी वाजवलेला मुखडा भरघोस आहे, तिथे पुन्हा अंडरवुडचे सगळे सॅक्स एकत्र ऐकू येतात. मधली गिटार मात्र मला थोडी लांबल्यासारखी वाटते, विलीनंतर लगेच येते म्हणून असेल. ‘लिटल अंब्रेलाज’ छोटी, सावकाश, तीन मिनिटांची. बास खाली चालत राहतो आणि वर किबोर्ड आणि फुंकवाद्यं एकमेकांत मिसळून कोणतं कुठलं ते कळेनासं होतं. थकून घरी आल्यावर मी बहुतेक हीच लावते.

शेवटची ‘इट मस्ट बी अ कॅमल’. तिची धून उड्या मारते, एका सुरावरून भलत्याच लांबच्या सुरावर, गाऊन बघा म्हणजे कळेल. पाँतीचं व्हायोलिन हॅरिसच्या अगदी उलट, गुळगुळीत, स्वच्छ, जॅझमधलं. पाँतीच्या पुढच्या ‘किंग काँग’ या अल्बममधलं जवळजवळ सगळं संगीत झापाचं, तो १९७० ला आला. पाँती नंतर गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडमध्ये गेला. त्याच मॅक्लॉफ्लिननं शक्ती हा गट काढला, ज्यात आपल्या मुंबईचे झाकीर हुसेन तबल्यावर होते आणि एल. शंकर व्हायोलिनवर. आणि हेच एल. शंकर १९७८ मध्ये झापाच्या बँडबरोबर मंचावर वाजवत होते. पुढच्या वर्षी त्यांच्या अल्बमची निर्मितीही झापानंच केली. मी या दुनियेत शिरले ती शक्तीच्या वाटेनं, मग मागे मागे चालत हॉट रॅट्सपर्यंत आले.

त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कमध्ये, जॅझमधला ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस ‘बिचेस ब्रू’ रेकॉर्ड करत होता. तिथे बास क्लॅरिनेटवर बेनी मॉपिन. दोघेही जॅझ आणि रॉक एकत्र आणत होते, दोघांनीही टेपला वाद्यासारखं वापरलं आणि दोघांच्याही रेकॉर्डवर क्लॅरिनेटचं घराणं अशा कामाला लागलं जे त्याला तोवर रॉकमध्ये कुणी दिलं नव्हतं. माइल्सची रेकॉर्ड पुढच्या वर्षी आली. हॉट रॅट्स ऑक्टोबर १९६९ मध्येच आली. जॅझ-रॉकचा इतिहास सांगताना बिचेस ब्रूपासून सुरुवात करायची पद्धत पडलीय. मला ती मान्य नाही. या दोन रेकॉर्डा शेजारी शेजारी ठेवूनच ऐकल्या पाहिजेत. माइल्सनं तासन्‌तास वाजवून घेतलेल्यातून कापून रेकॉर्ड घडवली, झापानं बरीचशी रेकॉर्ड एकेक थर रचून घडवली. इंग्लंडमध्ये हॉट रॅट्स पहिल्या दहांत गेली, अमेरिकेत तिला तेवढं यश मिळालं नाही.

कव्हरबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते. इन्फ्रारेड फिल्मवर काढलेला फोटो, त्यामुळे हिरवं सगळं गुलाबी-जांभळं झालंय. रिकाम्या, खड्ड्यासारख्या जागेतून एक बाई डोकं वर काढून बघतेय, केस पिंजारलेले. ती क्रिस्टीन फ्रका. फोटो अँडी कोहेनचा.

कुठली आवृत्ती ऐकायची? १९८७ मध्ये सीडीसाठी झापानं सगळं पुन्हा मिक्स केलं, म्हणजे सगळे ट्रॅक नव्यानं एकत्र बसवले. तिच्यात गम्बो चार मिनिटांनी मोठं आहे, सतराच्या घरात. अंडरवुडच्या सोलोसाठी म्हणून ती जवळ ठेवावी. पण आवाजावर ऐंशीच्या दशकाची चकाकी आहे. एकोणसत्तरचे ड्रम्स तिथे जरा लांब गेल्यासारखे वाटतात. मूळ रेकॉर्डचं मिक्स २०१२ च्या आवृत्तीत परत आलं. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं तेच ऐकावं. आणि ज्यांना थर उलगडून बघायची आवड आहे त्यांच्यासाठी २०१९ मध्ये, पन्नास वर्षं झाल्यावर, सहा सीडींचा संच निघालाय, त्यात सेशनच्या टेपा आहेत. ध्वनिसंकलन शिकणाऱ्या पोरांना मी हाच संच ऐकायला सांगते, पीचेससाठी.

अंडरवुड पुढे १९७३ पर्यंत झापाबरोबर होता. नंतर हॉलिवूडमध्ये सिंथेसायझर वाजवत राहिला, जेम्स हॉर्नर या संगीतकाराच्या चित्रपटांसाठी बरंच काम केलं. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांनी त्याला ऐकलंय, नाव माहीत नसताना. हॉट रॅट्सनंतर त्याला शोधत जायचं असेल तर आधी ‘बर्न्ट वीनी सँडविच’ घ्या, १९७० चा. त्यातली ‘द लिटल हाउस आय यूज्ड टू लिव्ह इन’ त्याच्या एकट्याच्या पियानोनं सुरू होते, आणि पुढे त्यातच शुगरकेन हॅरिसचं व्हायोलिन परत भेटतं. मग त्याच वर्षीचा ‘चंगाज रिव्हेंज’. त्याच्या शीर्षकधुनेत अंडरवुडनं ऑल्टो सॅक्स वा-वा पेडलमधून काढलाय आणि सॅक्स कुठला, गिटार कुठली, हे कळायला मला बराच वेळ लागला. पुढच्या वेळी सांगलीला जाईन तेव्हा अण्णांना तीच ऐकवणार आहे. दम कुठे घेतो ते विचारायचंय.